रामनगरहून अर्थशास्त्राकडे: बनारस की दिल्ली?

रामनगरचा पूल ओलांडला की सामनेघाट, आणि थोडं पुढे काशी हिंदू विद्यापीठ. बारावीनंतर पेच पडतो तो हाच: घराजवळचं १९१६चं हे विद्यापीठ, की १९२२चं दिल्ली विद्यापीठ?

२०२२पासून दोन्हीकडे पदवीप्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर. दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्ससाठी त्या परीक्षेत गणित हवंच, म्हणून अकरावीत गणित सोडू नये.

ज्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अमर्त्य सेन यांनी शिकवलं, तिथे बीए नसतं, एमए असतं. बीए करायचं ते महाविद्यालयांत. नावाच्या ओढीत हे निसटतं.

आणि निवड एकदाच करायची असते थोडीच? बाबासाहेब आंबेडकर कोलंबियातही अर्थशास्त्र शिकले, लंडनमध्येही. रामनगरच्या मुलांनी घरी राहून बनारसला बीए करावं, गणित पक्कं करावं आणि एमएला दिल्ली गाठावी.