सिस्टर फोनवर, हात तुमचे

‘‘ताप किती आहे, ताई?’’

‘‘कालच्यापेक्षा कमी वाटतोय, सिस्टर.’’

‘‘कमी म्हणजे किती? थर्मामीटर लावला होता?’’

‘‘हात लावून बघितला. कपाळ कोमट लागतंय.’’

‘‘बरं. आणि ऑक्सिजन?’’

‘‘अठ्ठ्याऐंशी. पण तसे बरे आहेत हो, आत्ताच चहा-बिस्किट घेतलं.’’

अठ्ठ्याऐंशी ऐकून पलीकडच्या सिस्टरच्या पोटात गोळाच यायचा. पण शहाणी सिस्टर लगेच ओरडायची नाही. ती म्हणायची, ‘‘यंत्रावर दोन आकडे दिसतात. टक्क्याची खूण ज्याच्याजवळ आहे, तो वाचा बघू.’’ ‘‘तो शहाण्णव आहे.’’ म्हणजे अठ्ठ्याऐंशी हे नाडीचे ठोके होते!

करोनाच्या पहिल्या दोन लाटांत, २०२० आणि २०२१ मध्ये, असे संवाद किती घरांतून झाले असतील, याची गणती नाही. दवाखान्यात खाट मिळेना, मिळाली तर जवळ थांबायला परवानगी नाही. मग सौम्य लक्षणांचा रुग्ण घरच्याच एका खोलीत, आणि त्याची शुश्रूषा फोनवरून. केंद्र सरकारने २७ एप्रिल २०२० रोजी घरी विलगीकरणाची मुभा दिली, तेव्हा एक अट घातली होती : चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती घरात हवी आणि तिचा रुग्णालयाशी संपर्क हवा. ही ‘व्यक्ती’ बहुतेक घरांत कोण होती, ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे एप्रिल २०२१ च्या सूचनांमध्ये तर दर चार तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन आणि श्वासाची नोंद करायचा तक्ताच होता. दर चार तासांनी! कागद लिहिणाऱ्याने रात्री अकराला भांडी घासून पहाटे पाचला पाणी भरायला उठणारी बाई बहुधा पाहिली नसावी.

तरीही तो तक्ता खरा कामाचा होता. कारण लांबून शुश्रूषा करणाऱ्या नर्सला ना डोळे ना हात. घरातली बाई जे बघेल, तेवढंच तिला दिसतं. ‘बरे आहेत’, ‘जरा दमल्यासारखे वाटतात’ यातून तिला काही कळत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते नर्सेससाठी नव्हे, तर घरात आजारी माणसाची उस्तवार करणाऱ्या साध्या बायकांसाठी. झोप बरी लागली का असं मोघम विचारण्यात अर्थ नाही, किती तास आणि केव्हा ते विचारावं, असा तिचा आग्रह होता. दीडशेहून अधिक वर्षांनंतर फोनवरच्या सिस्टर नेमकं तेच विचारत होत्या.

करोनात हे जास्तच गरजेचं होतं. ऑक्सिजन खाली गेलेला माणूसही कधी कधी निवांत गप्पा मारत बसलेला असे. त्याला स्वतःला दम लागल्याचं कळतच नसे. म्हणून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने २०२१ मध्ये सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली. आधी ऑक्सिजन मोजायचा, घरातल्या घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं, मग पुन्हा मोजायचा. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त उतरला, तर दवाखाना गाठायचा.

मोजण्यातही खाचाखोचा होत्या. गार पडलेल्या बोटाला यंत्र नीट आकडा देत नाही. गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असली तरी घोटाळा होतो. बोट चोळून गरम करायचं, पाच मिनिटं शांत बसायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासातून २०२० च्या अखेरीस पुढे आलं. आपल्याकडे ते किती जणींपर्यंत पोहोचलं? त्यामुळे यंत्र ‘सगळं ठीक’ म्हणत असलं आणि माणूस धापा टाकत असला, तर माणसावर विश्वास ठेवायचा. श्वास मोजायला तर यंत्रही लागत नाही. त्याच्या नकळत मिनिटभर छाती किती वेळा वर-खाली होते ते बघायचं. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो, बरं का! मोठ्या माणसाचा आकडा चोविसाच्या वर गेला की सिस्टर सावध होत. काही सिस्टर तर रुग्णालाच फोन द्यायला सांगत आणि तो वाक्य एका दमात पुरं करतो का, याकडे कान देत.

पण फोन होता कुणाच्या हातात? मला विचाराल तर सगळ्यात मोठी अडचण हीच होती. तपासणीच्या फॉर्मवर नंबर घरातल्या पुरुषाचा. सिस्टरचा फोन जायचा त्याला. तो बाहेरगावी, नाहीतर स्वतःच तापाने फणफणलेला. ‘‘सगळं ओके आहे,’’ म्हणून तो ठेवून द्यायचा. रात्री सासऱ्यांना दोनदा उठून बसवणारी, ताटातला भात तसाच परत आलेला बघणारी सून दाराआड उभी. उत्तर तिच्याकडे आणि प्रश्न त्याला! घरात दुसरा स्मार्टफोन असला, तर तो मुलांच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला.

आणखी एक गोष्ट हळूच बोलायची. घरोघरी आकडे खोटेही सांगितले गेले. ९२ ला ९५ म्हटलं गेलं. माणूस एकदा नेला की परत दिसणार नाही ही भीती होती, शेजारीपाजारी काय म्हणतील ही होती, बिलाची तर होतीच. त्या बायकांना नावं ठेवायचा मला तरी अधिकार वाटत नाही. पण लांबून शुश्रूषा करणारीला खोटा आकडा दिला, की तिच्या हातात काहीच उरत नाही. ज्या सिस्टरनी ‘‘नेणार नाही लगेच, आधी मला खरं सांगा’’ असा धीर दिला, त्यांनाच खरं कळलं असणार.

आणि ‘‘तुम्ही कशा आहात?’’ या प्रश्नाला काय उत्तर मिळायचं? ‘‘मला काय धाड भरलीय!’’ घसा दुखत असायचा, अंग मोडून आलेलं असायचं, पण स्वयंपाक चुकलेला नसायचा. रुग्णाच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. तो तिने स्वतःच आखायला हवा होता, रोज दोनदा स्वतःचाही ताप आणि ऑक्सिजन लिहायला.

गावांत या फोनला जोड मिळाली आशाताईंची. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजले. जून २०२१ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला, छानच, पण संपाची पाळी का यावी?

करोनाचा तो काळ सरला. पण पावसाळा आला की डेंग्यू येतोच, आणि घरी ठेवलेल्या रुग्णाची विचारपूस आजही फोनवरून होते. तेव्हा दवाखान्याच्या कागदावर घरातल्या पुरुषाच्या नंबरखाली तुमचाही नंबर लिहा. वहीत वेळ घालून ताप लिहा. पाणी किती प्याले आणि लघवी किती वेळा झाली, तेही लिहा. डेंग्यूमध्ये ताप उतरला की घर सैलावतं, पण धोक्याचे दिवस बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतात. त्यामुळे ताप उतरल्यावरही निदान दोन-तीन दिवस वही चालू ठेवा. पोटात सतत दुखू लागलं, उलट्या थांबेनात, नाका-हिरड्यांतून रक्त आलं, माणूस गळून गेला किंवा गुंगीत बोलू लागला, तर सिस्टरच्या पुढच्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.