जागा क्रमांक ८७७

शेजारच्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर. हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू होती, जोडीला फ्लुटामाइडच्या गोळ्या. आजाराचा माग दाखवणारा रक्तातला पीएसए बरेच महिने खाली राहिला आणि मग चढायला लागला. डॉक्टरांनी औषध वाढवायच्या ऐवजी फ्लुटामाइड बंद केलं आणि पीएसए उतरला! औषध थांबवल्यावर आजार मागे हटतो, हे काही केल्या डोक्यात शिरेना. (वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या सोडू नयेत. हा उतार थोड्याच रुग्णांत दिसतो आणि बहुधा काही महिनेच टिकतो.) ‘गाठीला गोळीची सवय झाली होती,’ हे उत्तर मला टोलवाटोलवीचं वाटलं. ओळखीचे एक प्राध्यापक म्हणाले, ‘आमच्या लॅबमध्ये या. हाच उद्योग चालतो तिथे.’ म्हणून गेलो.

पेशी वाढवायच्या खोलीत पाय ठेवला की आधी स्पिरिटचा वास येतो. पुढचे सगळे तास तो नाकातून जात नाही. पीएचडी करणारी एक साताऱ्याकडची मुलगी निर्जंतुक कामाच्या कपाटासमोर, म्हणजे हूडसमोर, बसली होती. हातमोज्यांवर फवारा, बाटलीवर फवारा, बाटली आत नेताना पुन्हा फवारा. हवेतला एखादा जिवाणू आत गेला तर तीन महिन्यांचं काम सिंकमध्ये ओतावं लागतं, हे तिनं अगदी सहज सांगितलं; ओतलेलं असावं.

३७ अंशांवर ठेवलेल्या कपाटातून तिनं चपटा फ्लास्क काढला. आत गुलाबी द्रव, तळाशी धुरकट थर. ‘हे एलएनकॅप. आपटायचं नाही हं सर, तळाला धड चिकटतच नाहीत. जरा हिसका बसला की सुटून तरंगतात.’ वाढतातही सावकाश. मन लागलं तर दोन-अडीच दिवसांत दुप्पट होतात, नाहीतर रुसतात.

या पेशी एका पन्नाशीच्या माणसाच्या. १९७७ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात, रॉझवेल पार्क इन्स्टिट्यूटमध्ये, त्याच्या गळ्याच्या हाडाजवळच्या लसिका ग्रंथीतून सुईनं काढलेल्या. कॅन्सर तोवर तिथपर्यंत पोचला होता. ज्या गुलाबी द्रवात त्या आज वाढतात त्याचं आरपीएमआय हे नावही त्याच संस्थेवरून पडलेलं.

मी परत परत आठवतो ते कोळशाचं काम. पेशींना वाढायला वासराच्या गर्भाचं सीरम लागतं, आणि त्यात निसर्गतःच हार्मोन असतात. ते काढून टाकायला सीरममध्ये बारीक कोळसा मिसळून थंडीत ढवळत ठेवतात. मधाच्या रंगाचं सीरम काजळीसारखं काळं होतं. मग ते यंत्रात गरगर फिरवून कोळसा खाली बसवायचा, वरचं गाळायचं. हार्मोन कोळशाला चिकटून गेलेले असतात. माध्यमातला गुलाबी रंगसुद्धा चालत नाही, कारण तोही थोडाफार हार्मोनसारखा वागतो. मग बिनरंगाचं माध्यम घ्यायचं. ‘हे आमचं कॅस्ट्रेशन,’ ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही दिवस असं उपाशी ठेवलेल्या पेशींची वाढ मंदावली होती, आणि त्यांना लांब, बारीक शेपट्या फुटल्या होत्या.

हे कॅस्ट्रेशन माणसांवर प्रथम पद्धतशीर करून दाखवलं शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी. आधी वर्षानुवर्षं कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास, आणि १९४१ साली, शरीरभर पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांची वृषणं काढली तर आजार ओसरतो, हा शोध. हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. पण बहुतेकांचा आजार परत येत असे, आणि पुढची काही दशकं ‘आता या गाठीला हार्मोनची गरज उरली नाही’ असं म्हणून विषय संपवला जाई.

‘गरज उरली नाही, हे खोटं. ८७७ बघा ना,’ ती म्हणाली. हा आकडा तिच्या तोंडी गावच्या पिनकोडासारखा.

हार्मोन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतो त्याला अँड्रोजेन रिसेप्टर म्हणतात. नऊशेहून थोडी जास्त अमिनो आम्लं एका माळेत. बफेलोच्या त्या माणसाच्या गाठीत ८७७ व्या जागी थ्रिओनिनऐवजी अॅलनिन आलेलं होतं. बदल एवढाच. पण रॉटरडॅमच्या संशोधकांनी १९९० साली दाखवलं की या एका बदलामुळे रिसेप्टर भलत्याच हार्मोनांनाही दाद देतो, आणि त्याला अडवायला दिलेल्या फ्लुटामाइडनंही तो चालू होतो. ‘झिजलेल्या कुलपाला कुठलीही किल्ली लागते, तसं,’ ती म्हणाली. १९९३ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी फ्लुटामाइड थांबवल्यावर पीएसए उतरलेले रुग्ण नोंदवले. काकांचं कोडं तिथं सुटलं, निदान एका बाजूनं.

तिच्या टेबलासमोर एका शोधनिबंधाचं पहिलं पान चिकटवलेलं आहे. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाचा, २००४ सालचा. या माणसाची कारकीर्द मला विलक्षण वाटते. रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लीव्हेक या गोळीचा २००१ साली जगभर जयजयकार चालला होता, तेव्हा हे ती गोळी ज्यांच्यावर चालेनाशी झाली त्या रुग्णांच्या पेशी तपासत होते. प्रोस्टेटमध्येही तेच. लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या गटानं उंदरांत वाढवलेल्या गाठींच्या सात जोड्या घेतल्या : जोडीतली एक हार्मोन काढल्यावर दबणारी, दुसरी न दबणारी. हजारो जनुकं ताडून पाहिली. सातही जोड्यांत सारखा निघालेला बदल एकच, रिसेप्टरचं प्रमाण वाढलेलं. गाठीला हार्मोन नकोसा झालेला नव्हता, उरलासुरला टिपायला तिनं जास्त रिसेप्टर तयार केले होते. अशा पेशींत जुनी औषधं उलटी काम करत.

मग रसायनशास्त्रज्ञ मायकेल जंग यांच्याबरोबर सुमारे दोनशे संयुगं, आणि चाचणीला पुन्हा त्या पन्नाशीच्या माणसाच्याच पेशी, जादा रिसेप्टर घातलेल्या. त्यातून एन्झालुटामाइड निघालं. अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली. केमोथेरपी होऊन गेलेल्या रुग्णांमध्ये मध्यक आयुर्मान १३.६ महिन्यांवरून १८.४ वर गेलं. ४.८ महिने! मी ‘एवढंच?’ म्हणालो. ती गप्प राहिली, आणि माझा प्रश्न मलाच उर्मट वाटला. त्या अवस्थेत हा अवधी लहान नसतो. शिवाय पुढे आजाराच्या आधीच्या टप्प्यांवरही हे औषध उपयोगी ठरलं. भारतात कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पेटंट अर्ज २०१६ साली नाकारला गेला. माझ्या मते ते योग्यच झालं.

मात्र एक गोष्ट खटकते. एलएनकॅपबरोबर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जुन्या पेशी म्हणजे पीसी-३ आणि डीयू-१४५. त्यांचे मूळ मालक ६२ आणि ६९ वर्षांचे. तिघेही गोरे. त्यातल्या शेवटच्या दोघांच्या पेशींत हा रिसेप्टर जवळपास नाहीच, म्हणजे हार्मोनचा विषय आला की भार पुन्हा त्या पहिल्यावर. पुढे आणखी काही पेशी मिळाल्या, पण यादी तोकडीच आहे. साताऱ्याच्या मुलीनं आपल्याकडच्या रुग्णांसाठी उत्तर शोधायचं ते बफेलोच्या १९७७ मधल्या एका माणसात, हे मला पटत नाही. तिलाही पटत नव्हतं. ‘आपल्या पेशंटची टिश्यू मिळते कुठे सर?’

आपण उत्तर शोधेपर्यंत गाठ पुढे सरकलेली असते. २०१३ साली सॉयर्स यांच्यासह काही गटांनी एन्झालुटामाइडलाही उलटवणारा बदल दाखवला. तो ८७७ च्या अगदी शेजारी, ८७६ व्या जागी आहे.

तेव्हा घरातल्या कुणाची प्रोस्टेटची बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया ठरली आणि तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवू द्याल का, असं विचारणारा कागद पुढे आला, तर तो घाईनं बाजूला सारू नका. वाचा, शंका विचारा, आणि पटलं तर सही करा.