डोळ्यात थेंब किती टाकावेत?

काही वर्षांपूर्वी जिंतूरकडच्या एक आजी दम लागतो म्हणून माझ्याकडे आल्या. दमा जुनाच. छातीत घरघर होती, नाडीही मंद. मी दम्याची औषधे बदलून दिली. आठ दिवसांनी आजी पुन्हा तशाच. 'दुसरे काही औषध घेता का?' तर म्हणाल्या, 'नाही.' निघताना नातू म्हणाला, 'काचबिंदूचे थेंब तेवढे चालू आहेत.' थेंब टिमोलॉलचे होते. लवकर गुण यावा म्हणून आजी दर वेळी तीन-चार थेंब टाकत. त्या थेंबांची चौकशी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

डोळ्यातले औषध छातीपर्यंत गेले कसे? आपल्या बुबुळावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. एका डोळ्यातले सारे अश्रू मिळून जेमतेम ७ मायक्रोलिटर भरतात. बाटलीतला एक थेंब मात्र ३० ते ५० मायक्रोलिटरचा, म्हणजे चार ते सात पट! भरल्या वाटीत तांब्या उपडा करावा, तशी गत. पापणी मिटताच जास्तीचे औषध गालावर ओघळते, नाहीतर नाकाजवळच्या बारीक नळीतून नाकात व घशात उतरते. म्हणूनच घसा कडू होतो. नाकाच्या अस्तरातून ते थेट रक्तात जाते. टिमोलॉलने श्वासनळ्या आकसतात, हृदयाची गती मंदावते. दमेकऱ्यांना ते धोक्याचे.

तेव्हा वाचकहो, एवढे पाळा :

हात धुवा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. ओल्या फरशीवर उंचावरून पडलेल्या थेंबाचे शिंतोडे उडतात, जवळून सोडलेला मुकाट मिसळतो. म्हणून बाटली जवळ धरा, पण टोक डोळ्याला टेकवू नका.

डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा.

दुसरे औषध पाच मिनिटांनी टाका, नाहीतर ते पहिल्याला धुऊन नेते.

काचबिंदूचे थेंब मात्र मनाने बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

आजींना मी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी औषध बदलले आणि दम कमी झाला. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना डोळ्यांच्या औषधाची बाटलीही पिशवीत असू द्या. तेही औषधच आहे.