भिंत कोणाची, मजकूर कोणाचा?

समजा, मुळशी तालुक्यातील एखाद्या शाळेच्या भिंतीवर रात्रीतून कोणी गावातल्या माणसाची बदनामी करणारा मजकूर लिहिला. दोषी कोण? अर्थात लिहिणारा. पण लक्षात आणून दिल्यावरही शाळेने तो महिनाभर तसाच ठेवला तर? संकेतस्थळांच्या बाबतीत कायद्यापुढे हाच प्रश्न येतो.

इतरांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्या सेवेला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये ‘मध्यस्थ’ म्हटले आहे. कलम ७९ त्यांना संरक्षण देते. सुरुवातीला ते तोकडे होते. २००४ साली बाझी डॉट कॉमवर एकाने अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली, तेव्हा संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली. २००८ च्या दुरुस्तीने संरक्षण वाढवले, पण अटी घातल्या. मध्यस्थाने मजकूर स्वतः निवडलेला वा बदललेला नसावा, योग्य दक्षता घेतलेली असावी आणि बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष जाणीव’ होताच तो त्वरित हटवावा.

ही जाणीव झाली असे केव्हा मानायचे? उत्तराचा धागा पालघरपर्यंत जातो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला. दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिहिणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम ६६अ रद्द केले. त्याच निकालात कलम ७९ चा अर्थही लावला: जाणीव म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, कोणाचीही तक्रार नव्हे.

असे का? शाळेच्या भिंतीवर चार ओळी असतात. मोठ्या संकेतस्थळाकडे लाखो तक्रारी येतात. प्रत्येक तक्रारीचा न्यायनिवाडा मालकाने करायचा, तर खटल्याच्या भीतीने तो रास्त टीकाही पुसून टाकील. भीती मालकाला, पण तोंड बंद होते लिहिणाऱ्याचे.

म्हणून तक्रारींकडे पाठ फिरवता येते असे मात्र नाही. २०२१ च्या नियमांनुसार मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. एखाद्याचे खाजगी, नग्न छायाचित्र टाकले गेले असेल तर त्या व्यक्तीच्या तक्रारीवरूनच ते तातडीने हटवावे लागते.

आता आपल्या शाळेच्या संकेतस्थळाकडे पाहू. मुलांचे लेख आपण निवडतो, सुधारतो आणि मग लावतो. तेथे आपण मध्यस्थ नसतो, संपादक असतो. संपादकाला कलम ७९ ची ढाल मिळत नाही. तेव्हा मुलांचे लिखाण लावण्यापूर्वी ते एकदा नीट वाचणे, हे कामही आपलेच.