बिगारी : शब्दाचा अर्थ आणि उगम

विहीर खोदावयाची निघाली किंवा शेताला ताल घालावयाची झाली म्हणजे आपण सहज म्हणतों, ‘उद्यां चार बिगारी पाहावे लागतील.’ विशेष कसब न लागणारें अंगमेहनतीचें काम रोजावर करणारा तो बिगारी, असा या शब्दाचा आजचा अर्थ. परंतु मूळ अर्थ याच्या अगदीं उलट आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. म्हणून त्याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा शब्द फारसीतील ‘बेगार’ यापासून आला. बेगार म्हणजे मोबदला न देतां सक्तीनें करवून घेतलेलें काम. अर्थात् ज्यास रोज मिळत नाहीं, तोच मुळांत बिगारी! याच अर्थाचा आपला जुना शब्द ‘वेठ’. तो संस्कृत ‘विष्टि’ या शब्दावरून प्राकृताच्या द्वारें मराठींत उतरला. पुढें दोन्ही जुळून ‘वेठबिगार’ झाला. हें ओझें बहुधा गांवांतील दुबळ्यांच्या, विशेषतः अस्पृश्य मानिलेल्या जातींच्या माथीं पडे. त्यामुळें कामाबरोबर नांवासही हलकेपणा चिकटला.

हा जाच किती जुना, याची साक्ष एका धरणानें दिली आहे. गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या सुदर्शन तलावाचा बांध वादळी पावसानें फुटला, तो महाक्षत्रप रुद्रदामन यानें पुनः बांधविला. सुमारें इ. स. १५० च्या शिलालेखांत त्यानें भूषण म्हणून नमूद केलें आहे कीं, प्रजेस कर व विष्टि यांनीं न पीडितां आपल्या खजिन्यांतून हें काम केलें. विष्टि न घेणें ही दगडावर कोरण्याजोगी गोष्ट ठरली, यावरून सर्वसाधारण रीत काय असेल तें कळतें.

भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें सन १९५० पासून वेठबिगारीस मनाई आहे. सन १९७६ च्या कायद्यानें तर मजुरास ज्या कर्जापोटीं बांधून घेतलें, तें कर्जच फेडण्याचें बंधन उरत नाहीं. कोणी म्हणेल, ‘आम्ही तर रोख रोज देतों.’ ठीक आहे. परंतु आजारपणांत दिलेली उचल फिटेपर्यंत सालगड्यास दुसरीकडे जाऊं न देणें, त्याच्या बायकोकडून शेणगोठा फुकट करवून घेणें, ही बिगार नव्हे तर काय? शब्दाचा जुना अर्थ आपल्याच गोठ्यांत जिवंत राहिला आहे काय, हें आम्ही शेतकऱ्यांनीं उचलीची वही उघडून एकदां पाहावें.