इयर नाइन म्हणजे कितवी?

नाताळची सुट्टी संपवून ताई, दाजी आणि मुलं दुबईला परत गेली, आणि पंधरा दिवसांत ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, आमच्या बेळगावचीच. आवाज जरा पडलेला होता. "दाजींच्या कंपनीत माणसं कमी करायला लागलेत गं. समजा परत यायची पाळी आली, तर थोरल्याला कितवीत घालायचं? तो इयर नाइनला आहे. तू कॉलेजात आहेस, जरा चौकशी करून सांग."

मी काहीही विचार न करता म्हटलं, "नववीत, अजून काय?"

माझं उत्तर चुकलं होतं. ते का चुकलं हे शोधता शोधता दोन आठवडे गेले आणि एका शाळेच्या निमित्तानं बऱ्याच गोष्टी कळल्या. आपल्यापैकी अनेकांचे काका, मामा, आत्या आखातात आहेत. त्यांची मुलं 'ब्रिटिश करिक्युलम'च्या शाळेत जातात असं आपण ऐकतो आणि मान डोलावतो. पण ही भानगड नेमकी आहे काय, ते आज सांगायचा प्रयत्न करते.

आकड्याचा घोळ

इंग्लंडमध्ये मूल पाच वर्षांचं झालं की इयर वनमध्ये जातं. आपल्याकडे पहिली सहाव्या वर्षी. त्यामुळे साधा हिशोब असा की 'इयर'च्या आकड्यातून एक वजा करायचा. इयर टू म्हणजे आपली पहिली, इयर नाइन म्हणजे आठवी. इयर इलेव्हन म्हणजे दहावी, आपल्या कर्नाटकात एसएसएलसी. इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीन म्हणजे पीयूसीची दोन वर्षं. इयर वनच्या आधी दुबईत एफएस वन आणि एफएस टू असे दोन वर्ग असतात, म्हणजे आपली बालवाडी. ताईची धाकटी एफएस टूमध्ये आहे.

ही इयरची गणती आणि तिचे टप्पे १९८८ च्या शिक्षण कायद्यानं इंग्लंडमध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातून आले. इयर एक-दोन हा पहिला टप्पा, तीन ते सहा दुसरा, सात ते नऊ तिसरा. त्यानंतर दोन वर्षं एखादा विषय धरून शिकायचं आणि इयर इलेव्हनच्या शेवटी प्रत्येक विषयाची वेगळी परीक्षा द्यायची. इंग्लंडमधली मुलं देतात ती जीसीएसई, बाहेरच्या देशांतली बहुतेक मुलं देतात ती आयजीसीएसई. त्यानंतरची दोन वर्षं ए लेव्हलची. ए लेव्हल १९५१ पासून चालू आहे. तिथं साधारण तीनच विषय, पण खोल.

आपल्याला सगळ्यात विचित्र वाटेल ती गोष्ट म्हणजे या पद्धतीत 'टक्के' नावाचा प्रकार नाही. एकूण बेरीज नाही, पहिला नंबर नाही. गणिताची ग्रेड वेगळी, इतिहासाची वेगळी. थोरल्याला कुणी "किती टक्के पडले?" असं विचारलं की तो गोंधळतो. माझ्या मोठ्या मामांनी नाताळात त्याला तीनदा विचारलं. शेवटी त्याने वैतागून "एटी-टू" असं ठोकून दिलं आणि सगळे खूश झाले.

शाळा कुणासाठी निघाल्या?

दुबईत तेल सापडलं १९६६ साली. संयुक्त अरब अमिराती हा देश झाला १९७१ साली. पण तिथली इंडियन हायस्कूल १९६१ ची आणि दुबई इंग्लिश स्पीकिंग स्कूल १९६३ ची. म्हणजे तेलाच्या आणि देशाच्याही आधी शाळा आल्या. कारण सरळ आहे. कामासाठी माणसं आली होती आणि त्यांच्याबरोबर लेकरं होती. भारतीयांनी भारतीय शाळा काढली, इंग्रजांनी इंग्रजी.

इंग्रजी शाळा मुळात तात्पुरत्या मुक्कामाची सोय होती. बापाची बदली झाली की मूल परत इंग्लंडला जाऊन त्याच पुस्तकाचं पुढचं पान उघडू शकलं पाहिजे, इतकाच हेतू. पण हळूहळू तिथं लेबनॉनची, इजिप्तची, पाकिस्तानची, भारताची मुलं आली, खुद्द अमिरातीतली स्थानिक मुलंही आली. आज दुबईच्या खाजगी शाळांमध्ये सर्वांत जास्त विद्यार्थी ब्रिटिश अभ्यासक्रमाचे आहेत, त्याखालोखाल भारतीय अभ्यासक्रमाचे. ज्यांना लंडनला कधीच 'परत' जायचं नाही, अशी मुलं आता त्या वर्गांत बसतात. ताईचा थोरला त्यातलाच एक.

शाळा ब्रिटिश असली तरी कायदा तिथला. अरबी भाषा सगळ्यांना शिकावी लागते, मग मूल मँचेस्टरचं असो की बेळगावचं. मुसलमान मुलांना इस्लामचं शिक्षण सक्तीचं, बाकीच्यांना नाही. केएचडीए ही सरकारी संस्था २००८ पासून शाळांची तपासणी करत आली आहे. शाळेला 'आउटस्टँडिंग'पासून 'व्हेरी वीक'पर्यंत शेरा मिळतो आणि तो जाहीर होतो. शाळेला मनाला येईल तशी फी वाढवता येत नाही, त्यासाठीही या संस्थेची परवानगी लागते. तरीही फी भारतीय शाळेपेक्षा साधारणपणे बरीच जास्त असते. ताईच्या घरात भाड्यानंतरचा सर्वांत मोठा खर्च तोच. म्हणून तर नोकरीवर गंडांतर आलं की पहिला विचार शाळेचा येतो.

'डे स्कूल' या शब्दात काय आहे?

या शाळांच्या नावापुढे 'डे स्कूल' असं लिहितात. मला आधी हा शब्द फालतू वाटायचा. शाळा दिवसाच असते की! मग आमच्या वर्गात किपलिंग शिकताना त्याचा अर्थ लागला.

रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. पाच वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी या गावी परक्या माणसांच्या घरी ठेवलं आणि ते परत आले. त्या काळी हिंदुस्थानातले इंग्रज असंच करत. तिथली काही वर्षं किपलिंगला इतकी लागली की मोठेपणी त्याने त्यावर कथा लिहिली, 'बा बा ब्लॅक शीप'. शिकायचं असेल तर आईपासून तुटायचं, असा तो सौदा होता. डे स्कूल म्हणजे तो सौदा नाकारणं. मूल संध्याकाळी घरी येतं, आईच्या हातचं जेवतं, आपल्या पलंगावर झोपतं.

हे फक्त इंग्रजांचं दुःख नाही बरं का. आपल्या ख्रिस्ती घरांत विचारून बघा. वडील आखातात किंवा बोटीवर, मुलं आजीकडे किंवा फादरांच्या बोर्डिंगात, अशी एक अख्खी पिढी गोव्यात आणि आपल्याकडे वाढली आहे. माझी आई त्यातलीच. तिचे वडील वर्षातून एकदा यायचे, आणि पहिले दोन दिवस ती त्यांच्याजवळ जायची नाही. ताईने एवढी फी का भरली, याचं उत्तर आईकडे आहे. ती म्हणते, "पोरं बापाबरोबर जेवतात ना रोज, मग भरू दे."

पण किपलिंगच्या आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त टोचली. मुंबईत त्याला सांभाळणारी आया रोमन कॅथलिक होती, 'पोर्तुगीज' म्हणवली जाणारी. म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी. तिच्याबरोबर तो रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबायचा. नोकरमाणसांशी तो इथल्याच बोलीत बोलायचा, स्वप्नंही त्याच बोलीत पाहायचा. आईबाबांसमोर नेताना मात्र त्याला बजावलं जायचं की आता इंग्रजीत बोल.

दीडशे वर्षं झाली. आता आपणच आपल्या मुलांना तेच बजावतो.

तीन प्रश्न, तीन उत्तरं

ताईला मी शेवटी जे कळवलं ते इथं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, परत आलं तर कधी यावं? तिथली ब्रिटिश शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि जुलैच्या सुरुवातीला संपते. आपली सुरू होते जूनच्या आसपास. इयर नाइन संपवून आला तर तो आपल्या नववीत बसतो, पण महिनाभर उशिरा. इयर इलेव्हन संपवून आला तर अडचण मोठी. मे-जूनच्या आयजीसीएसईचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि तोवर इथं पीयूसीचे वर्ग सुरू झालेले असतात. भारतातल्या शाळांसाठी केंब्रिज मार्चमध्येही परीक्षा घेतं, ती याचसाठी सोयीची. दुबईतल्या मुलाला मात्र प्रवेशाबद्दल कॉलेजशी आधीच बोलून ठेवावं लागतं.

दुसरा प्रश्न, हे शिक्षण इथं चालतं का? चालतं. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था समकक्षता ठरवते. आयजीसीएसईमध्ये इंग्रजीसकट किमान पाच विषयांत सी किंवा त्याहून वरची ग्रेड असेल तर ती दहावीच्या बरोबरीची धरली जाते.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. इयर नाइनमध्ये जानेवारीच्या सुमाराला पुढच्या दोन वर्षांचे विषय निवडायचा फॉर्म येतो. थोरल्याला इतिहास आणि नाटक घ्यायचं होतं. दाजी म्हणत होते, "नोकरीचा भरवसा नाही आणि हा नाटक करणार! उद्या इंजिनिअरिंगची सीट कोण देईल?" घरात दोन दिवस अबोला.

मी फॉर्म मागवून घेतला आणि नीट वाचला. इंग्रजी, गणित आणि तिन्ही विज्ञानं त्याच्या शाळेत सक्तीचीच होती. निवड फक्त उरलेल्या विषयांत होती. म्हणजे इतिहास घेतल्यानं कुठलंही दार बंद होत नव्हतं. खरं दार इयर ट्वेल्व्हला आहे. तिथं तीनच विषय राहतात. फिजिक्स आणि गणित सोडलं तर इंजिनिअरिंग गेलं, बायोलॉजी किंवा केमिस्ट्री सोडली तर नीट गेली. आणि तो निर्णय अजून दोन वर्षं लांब आहे. भांडण चुकीच्या वर्षी चाललं होतं!

दाजींनी फॉर्मवर सही केली. इतिहास राहिला, नाटकही राहिलं.

आणि भाषा?

शाळेच्या वेळापत्रकात अरबी आहे, फ्रेंच आहे. मराठी नाही. असायला हवी होती असं मी म्हणत नाही, परदेशातल्या शाळेनं ती का शिकवावी? उद्या ते बेळगावला आले तर इथं कन्नड समोर उभी राहील. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकात शाळेत कन्नड शिकवणं आवश्यक आहे. म्हणजे त्या पोरांच्या वाट्याला इंग्रजी, अरबी, कदाचित कन्नड असं सगळं येणार, आणि आजीची भाषा तेवढी त्यांच्या दुबईच्या शाळेत नाही.

एक गंमत मात्र कळली. धाकटीला शाळेत फोनिक्स शिकवतात. अक्षराचं नाव नंतर, आधी त्याचा आवाज. 'एस' नाही म्हणायचं, 'स्स' म्हणायचं. मग आवाज जोडून शब्द वाचायचा. नाताळात ती आजीसमोर असं वाचत होती. आजी जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर बाराखडी!" खरंच की. देवनागरीत अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच. ज्या मुलीला आवाज जोडता येतात तिला 'क'ला काना 'का' शिकायला किती वेळ लागणार?

म्हणून आता दर रविवारी, मिसा झाल्यावर, आजी आणि धाकटी व्हिडिओ कॉलवर बसतात. फोन मी धरते, कारण आजीचा हात थरथरतो. गेल्या रविवारी धाकटीने पहिला शब्द स्वतःहून वाचला, 'मामा'. मग आजीला विचारलं, "आता 'आजी' कसं लिहायचं?"

दाजींची नोकरी अजून आहे, उद्याचं माहीत नाही. पण ताईच्या प्रश्नाचं उत्तर आता घरात सगळ्यांना तोंडपाठ झालंय. इयर नाइन म्हणजे आठवी. मोठ्या मामांनासुद्धा. ते आता टक्के विचारत नाहीत, "ग्रेड कुठली?" असं विचारतात.