स्कूटरचा पट्टा का घसरतो?

बुलढाणा शहर घाटावर, तर मोताळा-मलकापूर घाटाखाली. यांच्यामधला राजूर घाट स्कूटरने चढायचा म्हणजे पूर्वी डावा हात सारखा गिअर बदलण्यात गुंतलेला असे. 1984 साली कायनेटिक होंडा आली आणि डाव्या हाताचे ते काम संपले. आज पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक सर्व स्कूटर तशाच असतात. मग वेग आणि जोर यांचा हिशेब आता कोण करते? इंजिनाच्या डाव्या बाजूचे लांबट झाकण उघडले की ते दिसते.

आत दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा असतो. प्रत्येक कप्पी म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन तिरप्या तबकड्या. त्या जवळ आल्या की पाचरीसारखा पट्टा परिघाकडे सरकतो. लांब गेल्या की आसाकडे उतरतो. पुढच्या कप्पीत एका तबकडीमागे छोटे रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात व तबकडीला रेटतात. फेरे दुप्पट झाले तर त्याच त्रिज्येवर हे बल चौपट होते. पट्ट्याची लांबी मात्र बदलत नाही. म्हणून पुढे तो वर चढला की मागच्या कप्पीत स्प्रिंग दाबत खाली उतरतो. समजा, निघताना पुढची त्रिज्या 2 सेंमी आणि मागची 5 सेंमी आहे. पुढची कप्पी अडीच वेळा फिरेल तेव्हा मागची एकदा फिरेल. वेग कमी, जोर जास्त. घाटात हेच तर हवे!

ही युक्ती मोटारीतही चालली. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 साली अशीच पट्ट्याची मोटार दाखवली होती. ती जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागेही जाई, आणि तिकडे अशा मोटारींच्या उलट्या शर्यतीही झाल्या. बर्फावर धावणाऱ्या हिमस्कूटरमध्येही हीच रचना असते. फरक इतकाच की तिथे इंजिन मंद असताना पुढची कप्पी पट्टा पकडतच नाही, म्हणून वेगळा क्लच लागत नाही. आपल्या स्कूटरमध्ये तो मागच्या कप्पीला जोडलेला असतो.

हे सगळे घर्षणावर चालते, आणि इथेच आपली नेहमीची सवय नडते. कुरकुर झाली की तेल सोडायचे! पण तबकडीवर तेलाचा थेंब पडला की पट्टा घसरतो, घसरला की तापतो आणि तापलेले रबर लवकर चिरते. डबलसीट घाट चढताना तो तुटला तर इंजिन नुसतेच गुरगुरते आणि गाडी जोर सोडते. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ आणि पट्ट्याचा झिजलेला भुगा मिळून तबकड्यांवर गुळगुळीत थर बसतो. त्याचाही परिणाम तोच.

सफाई इंजिन बंद व थंड असताना करावी. तबकड्या कोरड्या फडक्याने आणि मग स्पिरिटने पुसाव्यात. स्पिरिट पूर्ण उडून जाऊ द्यावे. पट्ट्याला पेट्रोल लावू नये, रबर फुगते. रोलर चपटे झाले असतील तर ते बदलावेत. काही गाड्यांत रोलरच्या खाचांत ठरावीक ग्रीस असते, काहींत त्या कोरड्याच ठेवतात, माहितीपुस्तिका पाहावी. क्लचची पूड फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या गाड्यांच्या क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा.

पट्ट्याची रुंदी मात्र शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरने मोजता येते. पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा ती कमी भरली तर पट्टा बाद.

आणखी एक प्रयोग मेकॅनिकच्या मदतीने करता येईल. स्वच्छ तबकडीच्या आतल्या बाजूवर आसापासून परिघापर्यंत मार्करने रेघ ओढा, झाकण लावा, मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडीला नेहमीचा पूर्ण वेग देऊन परत या आणि पुन्हा उघडून पाहा. पट्टा जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असेल. पुढच्या कप्पीत कडेजवळचा बराच भाग शिल्लक राहिला, तर रोलर किंवा पट्टा झिजला असावा.